न बोललेलं पाणी

मागच्या शुक्रवारी लोझानाने सगळे घालवले ते एका वाक्याने. संत पेत्कामायच्या देवळातल्या झऱ्यातून गडू भरून ती ओठ घट्ट मिटून बाहेर पडली होती. पायरी उतरताना उन्हाने भाजलेल्या लालबुंद खांद्यांचा एक पाहुणा तिच्या पायावर पाय देऊन उभा राहिला, आणि हिच्या तोंडून आपोआप निघाले, "वेलकम टू ओह्रिद!"

पाय त्याने तुडवायचा आणि स्वागत हिने करायचे! जिभेला हाड नसते म्हणतात, पण लोझानाच्या जिभेला त्या धंद्याची सवय हाडासारखी चिकटली होती. अर्धे आयुष्य तिने या तळ्याकाठच्या गावात पाहुण्यांना देवळे दाखवण्यात घालवले होते. पाणी तिथेच बाटले. तिने ते पायरीवरच ओतून दिले आणि रिकामा गडू घेऊन घरी गेली.

रीत अशी, की ज्याचे डोळे गेले असतील त्याच्या घरच्या बाईने शुक्रवारी पेत्कामायच्या झऱ्याचे पाणी आणायचे. देवळातला दिवा लागल्यावर आणि दुपारची घंटा व्हायच्या आधी ते भरायचे. घरचा उंबरा ओलांडल्यापासून ते पाणी आजाऱ्याच्या डोळ्यांना लागेपर्यंत तिने चकार शब्द काढायचा नाही. एक शब्द निघाला की ते नुसते पाणी. गावात त्याला न बोललेलं पाणी म्हणत.

लोझानाचा यावर काडीचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो तिच्या आईचा, देस्पिनाबाईंचा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. हिवाळ्यात त्यांनी कॉफीत साखर म्हणून मीठ घातले आणि ती कॉफी पाद्रीबाबांना पाजली. बाबा बिचारे संकोचाने पिऊनही गेले. वसंतात त्या जिन्यावरून पडल्या. राजधानीत, स्कोप्येच्या इस्पितळात एकदा तारीख मिळाली होती, ती म्हातारीने हट्टाने चुकवली. आता सोमवारची मिळाली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितले होते, "या खेपेला आल्या नाहीत तर पुढचा नंबर हिवाळ्यानंतर. तोवर उजवा डोळा राहील असं मी सांगत नाही. आणि हे बघा, तोपर्यंत डोळ्यांना काही घाणेरडं लागू देऊ नका. उकळून गार केलेलं पाणी, बस."

आणि देस्पिनाबाईंचे एकच पालुपद. "पेत्कामायचं पाणी लागल्याशिवाय मी डोळ्याला सुरी लावू देणार नाही. तुला एवढी घाई असेल तर तू जाऊन काप तुझे."

म्हणजे सोमवारच्या आधीचा हा शेवटचा शुक्रवार.

सकाळी गडू हातात घेऊन लोझाना दाराशी उभी राहिली, तेव्हा आई खिडकीपाशी खुर्चीत बसून तुळशीसारख्या वासाच्या बोसिल्योकची काडी बोटांत चुरगाळत होती.

"नीट ऐक. कुणी मेलं तरी बोलायचं नाही."

"आणि मीच मेले तर?"

"मग तर आपोआपच गप्प बसशील. तेवढीच एक वाट उरली आहे तुला गप्प करायची."

लोझानाने उंबरा ओलांडला. पाठीमागून लगेच हाक आली, "लोझाने, किल्ली घेतलीस का गं?"

"घेतली" हा शब्द जिभेच्या टोकापर्यंत आला होता. तिने तो दातांत चावून धरला, वळून आईकडे डोळे वटारले. ते डोळे आईला दिसणार नव्हतेच. पण म्हातारी खुसुखुसु हसली. "बरं झालं. शिकतेस हळूहळू."

उतरती गल्ली, वर एकमेकांवर झुकलेली पांढरी घरे, खाली निळे तळे. जे बघायला लोक विमानाने येतात ते लोझानाला आता बघवत नसे. बाजारात तिच्या हातातला गडू आणि मिटलेले ओठ पाहून गावची माणसे आपणहून बाजूला होत होती. मासेवाल्या अनास्तासने नुसती मान लववली. पावाच्या दुकानातल्या बाईने "काय गं" म्हणायला उघडलेले तोंड हाताने झाकले. तेवढे एक तिला बरे वाटले. बाकी सगळ्याची किळस येत होती.

चिनाराच्या झाडाखाली कालच्या आइस्क्रीमचे ओघळ वाळले होते आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या. मोत्यांच्या दुकानांपुढे आतापासूनच गर्दी होती. माशांच्या खवल्यांपासून मोती करणारी इथली खरी घराणी थोडी. बाकी सगळे प्लास्टिकचे मणी, आणि त्यांनाच "ओह्रिदचे मोती" म्हणून घेऊन जायला लोझानाच पाहुण्यांना आणत असे. तसा तिच्या मालकाचा, बोगोयाचा, हुकूम होता. रात्री चूळ भरताना तिला वाटे, दिवसभर बोललेले सगळे खवल्यांसारखे टाळूला चिकटून बसले आहे, बोट घालून काढावे.

एका टोपीवाल्या बाईने तिला अडवले. "किल्ला कुठे?" लोझानाने हात वर केला. "तुम्हाला बोलता येत नाही का? अरेरे!" बाई मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलू लागली, जणू मुकी माणसे बहिरीही असतात आणि वर मठ्ठही. शेवटी तिने लोझानाच्या दंडावर थोपटले. सनस्क्रीनने बरबटलेला तो हात तिच्या दंडावर चिकट ठसा ठेवून गेला. नारळाचा वास. लोझानाने तो दंड पदराला पुसावा तसा झग्याला पुसला. वास तसाच राहिला.

पेत्कामायचे देऊळ गावाच्या टोकाला, वेळूच्या बेटापलीकडे, तळ्यात उतरणाऱ्या खडकावर. आत उभे राहिले की चार भिंतींवर रंगवलेले संत आपल्याकडे बघत नाहीत. बघणार कशाने? सगळ्यांचे डोळे खरवडून काढलेले. आणि जमिनीत, कोपऱ्यात, दगडी कुंड, त्याच्या तळातून झरा पाझरतो.

त्या डोळ्यांची गोष्ट लोझाना रोज सांगे. सुलतानाचे शिपाई घोड्यांसकट आत शिरले, भाल्यांच्या टोकांनी त्यांनी संतांचे डोळे फोडले. लोक श्वास रोखत. बायका छातीला हात लावत. ही कथा बोगोयाने पाठ करून घेतलेली. खरे तर गावातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक होते, की डोळे गावच्याच बायकांनी खरवडले. पिढ्यान् पिढ्या. नखाने, सुईने, केसांच्या आकड्याने. ती रंगाची भुकटी पाण्यात कालवायची आणि आंधळ्याच्या डोळ्यांना लावायची, उरलेली प्यायची. संताने आपले डोळे द्यावेत आणि लेकराला दृष्टी यावी, एवढीच त्यामागची आस. पाद्र्यांनी शपथा घातल्या, तेव्हा भुकटी बंद झाली आणि पाणी राहिले. कुणा शत्रूचा यात हात नव्हता. मायेनेच खाल्ले होते ते डोळे.

पण मायेच्या गोष्टीवर तिकीट खपत नाही.

दाराशी रात्कामावशी भेटली. देवळाची झाडलोट आणि दिवाबत्ती तिच्याकडे. उघड्या मांड्यांनी येणाऱ्या पाहुण्यांना गुंडाळायला दारात झगे टांगलेले असत, ते ती झटकत होती. उन्हाळा सुरू झाल्यापासून ते धुतलेले नव्हते. शेकडो जणांचा घाम त्यांत वाळला होता. लोझानाने नाक दाबले.

"नाक दाब, तोंड तर दाबलेलंच आहेस," रात्का म्हणाली. "थांब जरा, वात ओली झाली आहे. दिवा लागल्याशिवाय पाणी नाही, माहीत आहे ना? मान हलव नुसती. शहाणी गं माझी."

वात पेटेना. रात्काने ती बदलली, फुंकर घातली, पेत्कामायची क्षमा मागितली, तेलवाल्याला शिव्या दिल्या, पुन्हा क्षमा मागितली. आणि दिवा तेवायला लागला नाही तोच खाली धक्क्यावर नावेचा भोंगा वाजला.

बोगोया पन्नास माणसे घेऊन वर आला. पांढरा शर्ट, बोटात अंगठी, चेहऱ्यावर सगळ्यांसाठी एकच हसू.

"लोझाने! देवच पावला! माझी नवी पोरगी आज आलीच नाही, आणि तू सुट्टी टाकून इथं? चल, दोन मिनिटं, यांना डोळ्यांचं सांग. तुझ्यासारखं कुणाला रडवता येत नाही."

लोझानाने गडू वर करून दाखवला आणि ओठांवर बोट ठेवले.

बोगोया परका असता तर तिला एवढा राग आला नसता. पण तो याच गल्लीतला. लहानपणी त्याचे डोळे आले होते तेव्हा त्याच्या आजीने हेच पाणी याच वाटेने नेले होते. ते सारे गाव सांगे. त्याला गडू दिसला, त्याचा अर्थही कळला. क्षणभर हसू विझले. आणि मग ते दुप्पट होऊन परत आले. त्याने टाळी वाजवली आणि इंग्रजीत म्हणाला,

"मित्रहो, तुम्ही फार नशीबवान! असं दृश्य पुस्तकात मिळणार नाही. ही इथली खरीखुरी बाई, शेकडो वर्षांचं मौनव्रत पाळते आहे. ती बोलणार नाही. काही केलं तरी नाही! फोटो काढा, ती काही म्हणणार नाही!"

पन्नास फोन वर झाले.

लोझानाने आजवर हजारो लोकांना बोट दाखवून म्हटले होते, हे बघा, ते बघा. बोटाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिल्यावर कसे वाटते ते तिला आता कळले. भिंतीवरच्या संतांसारखे. फरक एवढाच, की त्यांचे डोळे काढलेले होते म्हणून त्यांना हे बघावे लागत नव्हते.

एक जण तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वेडावू लागला. त्याच्या श्वासाला सकाळच्या बियरची आंबूस घाण होती. दुसऱ्याने तिच्या गालाला गाल लावून फोटो काढला. तिसऱ्याने नोट काढून तिच्या नाकासमोर नाचवली, "एक शब्द, फक्त एक!" सगळे हसले. दोन मजली दीपदानापाशी एक नवरा बायकोसाठी मेणबत्ती लावत होता. वरचा मजला जिवंतांचा, खालचा मेलेल्यांचा. त्याने बायकोची मेणबत्ती खाली लावली, आणि धडधाकट बायको शेजारी उभी राहून त्याचा व्हिडिओ घेत होती. दीपदानाच्या वाळूत कुणीतरी चघळलेला च्युइंगम खोचला.

आणि मग कुंडापाशी एक बाई बसली. तिने चपला काढल्या. सकाळपासून धूळ तुडवलेले, टाचा भेगाळलेले दोन्ही पाय तिने झऱ्यात सोडले आणि सुखाने डोळे मिटले.

"अगं ए! पाय काढ! पाय काढ तुझे, ते पायधुणं नाही!" रात्कामावशी ओरडली.

बाईने तिच्याकडे बघून हात हलवला. कुणाला काही कळत नव्हते. रात्काला पाहुण्यांची भाषा येत नव्हती. बोगोयाला येत होती, तो गप्प होता. आणि जिला चार भाषांत "पाय बाहेर काढा" म्हणता आले असते, तिच्या तोंडाला कुलूप होते.

लोझानाच्या घशात तो शब्द वर चढला. अगदी छोटा शब्द. तो बोलला की झरा वाचणार होता, आणि आईचा उजवा डोळा जाणार होता. तिने बोगोयाकडे पाहिले. *तू बोल. तुला काय होतं बोलायला?* बोगोयाने नजर भिंतीकडे वळवली आणि जोरात सुरू केले, "तर मग सुलतानाचे शिपाई घोड्यांसकट..."

लोझाना गेली आणि तिने त्या बाईचे दोन्ही घोटे धरून पाण्याबाहेर काढले. बाई दचकली, आणि मग हसत सुटली. "बघा, किती छान अभिनय!" आणखी फोटो. दोघा-तिघांनी आता तिने ओढावेत म्हणून मुद्दाम हात पाण्यात घातले. ती मनगटे ओढत राहिली, ते हसत राहिले. जणू तळ्यात खेळ चालला होता.

नावेचा भोंगा झाला, तेव्हा कुठे गर्दी ओसरली. जाताना बोगोया तिच्या कानाशी आला. "रागावू नकोस गं. आईला माझा नमस्कार सांग." त्याच्या अंगाला त्यांच्यासारखाच नारळाचा वास येत होता.

कुंडावर तेलाचे इंद्रधनुष्य पसरले होते. एक केस. जखमेवरची एक चिकटपट्टी, मध्ये तपकिरी डाग असलेली. रात्का गुडघ्यांवर बसून ओंजळीने ते बाहेर उपसत होती आणि रडत होती. "संध्याकाळपर्यंत निवळेल गं. पण तुझी दुपारची घंटा..." लोझानाने गडू बुडवला. दुसरे करणार तरी काय?

घरी जाताना गडूतून नारळ दरवळत होता. कोपऱ्यावर ती भिंतीला धरून उभी राहिली, दोनदा उमासे काढले. आवाज निघाला, पण शब्द नव्हता. तो मोजतात की नाही हे तिला ठाऊक नव्हते.

"आलीस?" आईने खुर्चीतूनच विचारले. तिने स्वच्छ टॉवेल मांडीवर घेतला होता, केस विंचरले होते. "बोलू नकोस, बोलू नकोस! आता तुला बोलता येत नाही तोवर मी सगळं सांगून घेते. तुझी ती नवी पडद्याची कापडं भिकार आहेत. सूप तू खारट करतेस. आणि अनास्तास चांगला माणूस आहे, मासे विकतो म्हणून काय झालं? ऐकलंस ना? मान हलवलीस की नाही ते मला दिसत नाही, पण हलवली असशील असं धरते."

लोझाना स्वयंपाकघरात गेली. बशीत थोडे पाणी ओतून उजेडाला धरले. तवंग फिरत होता, मधोमध एक पांढरा कण. मेलेली कातडी असावी. हे आईच्या डोळ्यांना लावायचे? सोमवारी ज्यांना सुरी लागणार, त्या डोळ्यांना?

तिने गडू मोरीत पालथा केला. आवाज होऊ नये म्हणून हळू, धार भिंतीला लावून. मग गडू राखेने घासला, गरम पाण्याने विसळला, पुन्हा घासला. ओट्यावर झाकलेले पातेले होते. सकाळीच उकळून गार केलेले पाणी, डॉक्टरीणबाईंच्या हुकमाने. ते तिने गडूत भरले. ओठ मिटलेलेच होते. पाणी न बोललेलेच होते. एवढे मनाशी म्हणून ती बाहेर आली आणि आईच्या पुढ्यात बसली.

देस्पिनाबाईंनी बोटे गडूत घातली. आणि तिथेच थांबल्या.

"पेत्कामायचं पाणी," त्या सावकाश म्हणाल्या, "हाडं गोठवतं. भर उन्हाळ्यातसुद्धा."

गडूतले पाणी कोमट होते. लोझानाला सांगता येत नव्हते आणि खोटेही बोलता येत नव्हते. बिचारीला आयुष्यात पहिल्यांदाच कळले, की खोटे बोलायलाही आधी बोलता यावे लागते.

"एक शब्दसुद्धा काढला नाहीस?"

लोझानाने आईचा ओला हात उचलला आणि आपल्या ओठांवर ठेवला. म्हातारीची बोटे तिच्या मिटलेल्या ओठांवरून, दुखऱ्या जबड्यावरून, ओल्या गालांवरून फिरली. मग तिने तो हात काढून घेतला, ओंजळ भरली, आणि पेत्कामायचे नाव घेत दोन्ही डोळ्यांवर पाणी मारले. पुन्हा. पुन्हा. तोंडाने देवळातल्या आळवणीचा सूर गुणगुणत होती, शब्द नव्हते, नुसता सूर.

"झालं," टॉवेल तोंडाला लावत ती म्हणाली. "आता बोल."

लोझानाने तोंड उघडले.

"पाय धुतले गं त्यांनी, आई. झऱ्यात पाय धुतले. आणि मी उभी होते."

"माहीत आहे. दारातून आलीस तेव्हाच कळलं, कसला तरी गोडसर बुळबुळीत वास घेऊन आलीस. माझे डोळे गेलेत, नाक नाही गेलं."

"मग हे पाणी..."

"झऱ्यातनं आणलंस की पातेल्यातनं, ते तुझं आणि पेत्कामायचं. मी कशाला मध्ये पडू?" म्हातारीने टॉवेलची घडी घातली. "मला लेकीला एक दिवस गप्प बसवायचं होतं. माझ्यासाठी कुणी गप्प बसलं की मग मला भीती वाटत नाही. बॅग काढ. लोकरी मोजे टाक त्यात, इस्पितळं थंड असतात."

बॅग पलंगाखालून ओढताना फोन वाजला. बोगोया. आवाज आनंदाने फुटत होता.

"लोझाने, काय सांगू! लोक वेडे झाले तुझ्यावर! ऐक, दर शुक्रवारी तू फक्त गडू घेऊन उभं राहायचं. बोलायचं नाही, काही नाही. बोलण्यापेक्षा जास्त देतो. लोझाने? कबूल ना? अगं, बोल ना!"

लोझानाने फोन कानापासून दूर धरला. बोलायला आता कसलीच आडकाठी नव्हती. त्याच्यासाठी चार भाषांत पुरेशा शिव्या तिला येत होत्या. एकही तिला तोंडात घ्यावीशी वाटली नाही. तिने स्वयंपाकघरात जाऊन फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि पातेल्यातले उरलेले पाणी घेऊन सावकाश, मान वर करून, चूळ भरली.

"हॅलो? हॅलो?" ओटा बोलत होता.

"कोण गं?" आतून आईने विचारले.

"कुणी नाही," लोझाना म्हणाली. "लोकरीचे करडे मोजे घेऊ, का पांढरे?"